आरए व्हायचंय? तारीख आजच बघा
मित्रमैत्रिणींनो, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पुढच्या वर्षाच्या रेसिडेंट असिस्टंटचे (आरए, म्हणजे वसतिगृहात राहून तिथल्या मुलामुलींकडे लक्ष देणारा विद्यार्थी) अर्ज हिवाळ्यातच घेतात. आपापल्या हाउसिंग ऑफिसची शेवटची तारीख आजच बघून ठेवा. मोबदल्यात बहुतेक ठिकाणी खोली मिळते, कुठे कुठे जेवणही. पण नुसत्या खोलीसाठी हे काम कृपा करून घेऊ नका. रात्री २ वाजता दार वाजतं, पहिल्या वर्षाचा पोरगा रडवेला होऊन उभा असतो. सकाळी आपला पेपर असला तरी त्याला आत बसवून पाणी द्यावं लागतं.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनी लक्षात ठेवा: सत्र चालू असताना कॅम्पसवरची सगळी कामं मिळून आठवड्याला २० तासच चालतात. आधीच दुसरं काम असेल तर इंटरनॅशनल ऑफिसात विचारूनच अर्ज भरा.

मुलाखतीच्या तयारीसाठी रविवारी संध्याकाळी ग्रुपकॉलवर या. मी दोन वर्षं आरए होते, जमेल तेवढं सांगेन.