‘आपला माणूस’ प्रायमरीत कसा उभा राहिला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्री ठाणेदार यांच्यावरचा आपल्या दैनिकातला लेख भावाने बेळगावहून पाठवला. चिकोडीचा जन्म, बेळगावातले ओढगस्तीचे दिवस, १९७९ साली अमेरिका, अ‍ॅक्रन विद्यापीठाची पीएच.डी., मग उद्योग, आणि २०२३ च्या जानेवारीत अमेरिकी प्रतिनिधिगृहात शपथ. वाचून मलाही बरे वाटले. मीही बेळगावचीच, आणि गेली वीस वर्षे मिशिगनमध्ये राहते. त्यांचे मराठी आत्मकथन माझ्या आईने दोनदा वाचले आहे, आमच्या गल्लीतही ते घरोघरी फिरले.

पण त्या पानभर लेखात ‘प्रायमरी’, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनी ठरवायची निवडणूक, हा शब्द एकदाही नाही, म्हणून हे पत्र. ठाणेदार निवडून आले त्या मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या तेराव्या मतदारसंघात नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच असते. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार येणार, हे शेंबडे पोरही सांगेल. खरी लढत होते ऑगस्टमध्ये, पक्षांतर्गत. उमेदवार कसा आहे, कुठून आला, शब्दाला किती जागतो, याची विचारपूस तेव्हाच होते. ती गाळली की उरते ती नुसती सत्काराची बातमी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटेल, कारण आपल्याकडे तिकीट वरून येते. शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो, याकडे सगळे डोळे लावून बसतात. २०१४ साली काँग्रेसने काही लोकसभा मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला, त्यात आपले वर्धा होते. मतदान पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे. जिंकले विद्यमान खासदारांचे चिरंजीव सागर मेघे. ते लोकसभेला पडले, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. मिशिगनची प्रायमरी अशी घरातली नसते. ती सरकार घेते आणि कोणताही नोंदणीकृत मतदार मत देऊ शकतो, पक्षाचे सदस्यत्व लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि त्यातला एकच निवडायचा. दोन्हींत खुणा केल्या की पक्षीय मत बाद.

७ ऑगस्ट २०१८ ला मी अशी मतपत्रिका हातात घेऊन एका शाळेच्या जिममध्ये उभी होते. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक रकान्यात तीन नावे. ग्रेचेन व्हिटमर, अब्दुल अल-सय्यद, श्री ठाणेदार. परक्या देशातल्या मतपत्रिकेवर आपल्या मुलखातले नाव छापलेले पाहून काय होते, ते शब्दांत सांगता येणार नाही. त्याआधी फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रात्री त्यांची जाहिरात लागली होती, त्यात लोक त्यांचे नाव उच्चारायची धडपड करत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला तिघांनी विचारले, हे नाव नीट कसे म्हणायचे? ‘ठ’ कुणालाच जमला नाही, पण मी सगळ्यांना हौसेने म्हणून दाखवला. आणि मतदानाच्या आदल्या रात्री आईचा फोन. “आपला माणूस उभा आहे म्हणे. मत त्यालाच ना गं?”

मी त्यांना मत दिले नाही. का, ते सांगते, कारण आपल्या लेखात नेमके हेच नव्हते.

तिघांचीही झाडाझडती झाली होती. व्हिटमर चौदा वर्षे राज्याच्या विधिमंडळात होत्या. गर्भपाताच्या विम्यावर निर्बंध घालणाऱ्या कायद्याच्या चर्चेत, २०१३ साली, लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून त्यांनी विद्यार्थिदशेत स्वतःवर झालेल्या बलात्काराबद्दल सिनेटमध्ये सांगितले. कायदा तरीही मंजूर झाला. ते भाषण मी पाहिले आहे. सभागृहात आपण हरणार हे ठाऊक असूनही बोलणारी बाई कशी असते, ते मला तिथे दिसले. पण त्यांनाही सोडले नाही कुणी. वडील एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीचे प्रमुख होते, त्या कंपनीच्या लोकांनी निधी जमवून दिला, मग सरकारी आरोग्य विम्याबद्दल तुमचा हात आखडता का, हा प्रश्न अल-सय्यद यांनी लावून धरला. रास्त प्रश्न होता.

अल-सय्यद डॉक्टर, वय ३३, डेट्रॉईटच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख. गव्हर्नरपदाचा उमेदवार आधीची चार वर्षे राज्यातला नोंदणीकृत मतदार हवा, अशी राज्यघटनेची अट आहे. ते मध्यंतरी न्यूयॉर्कमध्ये शिकवत होते आणि तिथेही त्यांची मतदार नोंदणी झाली होती, म्हणून त्यांच्या पात्रतेवर शंका घेतली गेली. नाव शेवटी मतपत्रिकेवर राहिले. हाही प्रश्न विचारण्याजोगाच. पण एका रिपब्लिकन उमेदवाराने ते मुस्लिम आहेत एवढ्यावरून त्यांचा दहशतीशी लागाबांधा जोडायचा प्रयत्न केला, ती चारित्र्याची तपासणी नव्हे. तो निव्वळ चिखल. ठाणेदारांच्या रंगावर, उच्चारांवर कुणी बोलले तर मला जेवढे लागेल, तेवढेच ते लागले.

आता ठाणेदार. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरच्या वर त्यांनी त्या निवडणुकीत ओतले. सर्वांत पुरोगामी आपणच, असा त्यांचा प्रचार होता. मग बातम्या आल्या, की २०१६ मध्ये ते रिपब्लिकन मार्को रुबिओ यांच्या सभेत दिसले होते, आणि उभे राहण्याआधी कोणत्या पक्षातून सोपे जाईल याची त्यांनी चाचपणी केली, असे काही राजकीय सल्लागार सांगतात. त्यांनी चाचपणीचा इन्कार केला. दुसरी गोष्ट न्यू जर्सीतली. त्यांच्या आधीच्या कंपनीची प्राण्यांवर औषधांच्या चाचण्या करणारी प्रयोगशाळा तिथे होती. कर्ज थकले, २०१० मध्ये बँकेने ताबा घेतला, आणि शंभराहून अधिक बीगल कुत्री आणि काही माकडे आतच राहिली. कामावरून गेलेल्या माणसांनी कुंपण ओलांडून त्यांना खाऊ घातले, असे वृत्त होते. ठाणेदारांचे म्हणणे असे, की तेव्हा ताबा बँकेकडे होता, आपल्या हाती काही नव्हते, आणि प्राण्यांची पुढे सोय झाली.

यातले काय खरे, किती खरे, हे मी ठरवू शकत नाही. धंदा बुडणे हा गुन्हा नाही. पंचाहत्तर हजार डॉलरला घेतलेली कंपनी वाढवून, एकदा सगळे हातचे जाऊन, पुन्हा अ‍ॅन आर्बरमध्ये नव्याने उभे राहणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे, आणि मला त्याबद्दल त्यांचा आदर आहे. माझे मत गेले ते वेगळ्या कारणाने. तोवर त्यांनी एकही सार्वजनिक पद सांभाळले नव्हते. अडचणीच्या वेळी हा माणूस कुणाच्या बाजूने उभा राहील, हे पाहायला माझ्याकडे त्यांच्या जाहिरातींखेरीज काही नव्हते. मी व्हिटमर यांच्यापुढचा गोल भरला. माझ्या नवऱ्याने ठाणेदारांपुढचा. घरी येताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही.

व्हिटमर ५२ टक्के, अल-सय्यद ३०, ठाणेदार १८ च्या आत. तरीही दोन लाखांवर मते त्यांना मिळाली, आणि मिशिगनमधले सगळे मराठी एकत्र केले तरी त्याच्या जवळपास पोचणार नाहीत. म्हणजे ती मते इथल्या माणसांनी, त्यांचे नाव धड न उच्चारता येणाऱ्यांनी, काहीतरी पाहून दिलेली होती. ही गोष्ट तरी आपल्या लेखात यायला हवी होती. पराभवातला हा आकडा मला शपथविधीच्या फोटोपेक्षा मोठा वाटतो.

पुढे ते डेट्रॉईटमधून राज्याच्या विधानसभेत गेले, म्हणजे पद सांभाळण्याचा अनुभव घेतला. मग २०२२ ची प्रायमरी. नऊ उमेदवार, आणि ठाणेदार जिंकले सुमारे २८ टक्के मतांवर. दर चारांतल्या तिघांनी दुसऱ्या कुणाला मत दिले होते. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांच्यासाठी बाहेरच्या एका गटाने चाळीस लाख डॉलरहून जास्त खर्च केला, आणि इकडे ठाणेदारांचा स्वतःचा पैसा. या निकालाने १९५५ पासून पहिल्यांदाच डेट्रॉईटमधून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत उरला नाही. तीन चतुर्थांशाहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची असलेल्या शहराला ते किती झोंबले असेल, हे बेळगावच्या माणसाला वेगळे समजावायला नको. आपल्या भाषेचा, आपल्यातला माणूस सभागृहात असावा म्हणून आमच्या तीन पिढ्या झुरल्या आहेत. ठाणेदारांचा यात दोष नाही, ते रीतसर जिंकले. पण आपण इकडे पेढे वाटतो तेव्हा तिकडे कुणाला काय वाटले, हे एका ओळीत तरी लिहावे.

उमेदवाराची पत इथे अगदी सह्यांपासून मोजली जाते, हेही वाचकांना आवडेल. मतपत्रिकेवर नाव यायला मतदारांच्या ठरावीक सह्या गोळा कराव्या लागतात. २०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाचे दहा जण उभे राहिले, त्यांतले पाच बाद झाले, कारण त्यांच्या अर्जांवरच्या हजारो सह्या भाड्याने घेतलेल्या लोकांनी बनावट केल्या होत्या. बाद झालेल्यांत डेट्रॉईटचे माजी पोलिसप्रमुख होते. २०२४ मध्ये हॉलियर पुन्हा ठाणेदारांविरुद्ध उतरले. हजार वैध सह्या हव्या होत्या. ठाणेदारांनी आक्षेप घेतला, छाननीत सह्या कमी भरल्या आणि हॉलियर यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही. मग नगरसेविका मेरी वॉटर्स यांना हरवून ठाणेदार निम्म्याहून जास्त मते मिळवून जिंकले. आक्षेप कायदेशीरच होता. तरी मतदारांपुढे दोघे उभे राहिले असते तर कौल अधिक भक्कम ठरला असता, असे मला मनापासून वाटते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे मांडली आणि मे महिन्यात मतदानाचा आग्रह मागे घेतला. स्वपक्षाचे ज्येष्ठही नाराज होते. हे धाडस होते की प्रायमरीची तयारी, यावर इथे दोन तट आहेत. त्याच सुमारास राज्य विधानसभेतले डोनावन मॅककिनी यांनी त्यांना आव्हान दिले. पुढची प्रायमरी ४ ऑगस्ट २०२६ ची.

माझी विनंती एवढीच, की तिच्याबद्दल लिहाल तेव्हा समोर कोण उभे आहे ते लिहा, ठाणेदारांवरचे प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरेही तितक्याच जागेत लिहा. आईला मी त्या रात्री फोनवर खरे सांगितले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “ती बाई कोण ते सांग मला.” अर्धा तास मी सांगत होते आणि ती ऐकत होती. आपला वाचक असाच आहे, त्याला सगळे सांगा.

आपली नम्र,
एक बेळगावकर वाचक
मिशिगन, अमेरिका