पाईपचे दुसरे टोक कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षारपड जमिनीतले जादा पाणी जमिनीखालच्या पाईपने काढण्यावरचा, म्हणजे निचऱ्यावरचा, कालचा पानभर लेख दोनदा वाचला. सच्छिद्र पाईप किती खोल गाडायचा, दोन ओळींत अंतर किती ठेवायचे, त्यावर कापड कोणते गुंडाळायचे, अनुदान कसे मिळते, सुधारलेल्या रानात उसाचा उतारा किती पडला, सगळे आले. गोळा झालेले पाणी पुढे कुठे जाते, याला मात्र एकच वाक्य: ‘हे पाणी जवळच्या नैसर्गिक नाल्यात सोडले जाते.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. तो नैसर्गिक नाला म्हणजे आमचा ओढा, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला माझी विहीर आहे.

निचऱ्याला माझा विरोध आहे असे कृपा करून समजू नका. पाणी लागलेली जमीन काय असते ते मी पाहिले आहे. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरे फुटते, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो आणि रानात फक्त लव्हाळा राहतो. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती इतकी की पाणी आत शिरले की लवकर बाहेर पडत नाही. ते मुळांच्या खाली उतरवल्याशिवाय इलाज नाही, हे मान्य.

पण उतरवलेले पाणी एकटे जात नाही. जमिनीतले मीठ विरघळवून घेऊन जाते, आणि पिकाला न लागलेल्या युरियाचे नायट्रेटही. तुमच्या लेखात ‘क्षार निघून जातात’ असे लिहिले आहे. निघून जातात म्हणजे कुठे जातात?

माझ्या विहिरीपासून वर, दोन बांध सोडून, ओढ्याच्या काठात अशा एका पाईपचे तोंड उघडते. वरच्या रानाला पाणी दिले की दोन दिवस ते धो धो वाहते. पाणी काचेसारखे नितळ. नितळ आहे म्हणूनच कोणाला त्यात काही वावगे दिसत नाही. प्रवाह ओसरला की तोंडाखालच्या दगडांवर एकावर एक पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. मागच्या वर्षी म्हैस तिथे नेली, तिने तोंड लावले आणि मान फिरवली. मी बोट बुडवून चाखले. खारट होते.

त्याच वर्षी माझ्या मिरचीची पाने कडेने करपायला लागली. आधी रोग समजून दोन फवारण्या केल्या. मग विहिरीचे पाणी तपासून घेतले. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा, 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर निघाली, म्हणजे शेतीला न चालणारे पाणी. तीन वर्षांपूर्वीचा याच विहिरीचा अहवाल माझ्याकडे आहे, त्यात हेच पाणी चांगल्या प्रतीत होते. दोन्ही कागद घेऊन एका कचेरीत गेलो. तिथे सांगितले, ओढा आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतो म्हणून सांगितले त्यांनी विचारले, ‘पाणी सोडू नये असे कुठे लिहिले आहे?’ वरच्या शेतकऱ्याशी माझे भांडण नाही. त्याने मंजूर आराखड्याप्रमाणे काम केले. आराखडा त्याच्या बांधापाशीच संपत होता, त्याला तो काय करणार?

माझे वडील रानाच्या खालच्या अंगाला कंबरभर खोल चर राखायचे. दरवर्षी वळिवाच्या आधी चार माणसे लावून तो साफ व्हायचा. त्यात पाणकणीस उगवायचे, बेडूक ओरडायचे, टिटवी जवळच अंडी घालायची. आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही तो बुजवला. दोन सऱ्या वाढल्या. शेजाऱ्यांनीही तेच केले. ओढा पूर्वी हिवाळाभर हळूहळू पाझरायचा; आता पाण्याची पाळी सुरू असली की भरून वाहतो आणि थांबली की कोरडा. ही चूक आमची आहे, ती मी लपवत नाही. पण तुमच्या लेखात उघड्या चरांचा शब्दही नाही.

जमिनीला इतके पाणी मिळते कसे, याचाही लेखात शब्द नाही. रात्री वीज आली की ऑटो स्विचवर मोटर आपोआप सुरू होते आणि वीज जाईपर्यंत चालते; रानात माणूसच नसतो. हे असेच चालणार असेल तर वरून ओतायचे आणि खालून पाईपने काढायचे, एवढेच काम उरते. आणि हे नवे नाही. नीरा डाव्या कालव्याला 1885 मध्ये पाणी सुटले आणि पंचवीसेक वर्षांतच त्या खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींचा अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या डॉ. हॅरॉल्ड मान यांना करावा लागला. कॅलिफोर्नियात शेतातला निचरा केस्टरसनच्या तळ्यात नेऊन सोडला, तर 1983 मध्ये तिथे पाणपक्ष्यांची विकृत पिल्ले सापडली. निचऱ्यातून आलेले सेलेनियम, जमिनीतले एक मूलद्रव्य जे जास्त झाले की विषारी ठरते, त्याला कारण होते. आपल्याकडे सेलेनियम आहे असे मी म्हणत नाही. पाणी जिथे जाऊन साठेल तिथे आधी बघा, एवढेच म्हणतो.

सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या विषयात काम करणारी माणसे आहेत. त्यांना विचारून लिहा: पाईपच्या तोंडाशी पाण्याची तपासणी कोणी करायची, किती वेळा करायची, आणि एका ओढ्यावर किती एकरांचा निचरा सोडायचा. आराखडा एका गटाचा न करता अख्ख्या ओढ्याचा का होत नाही, हेही विचारा.

आणखी एक. लेखासोबत छापलेला फोटो ठिबकच्या नळ्यांचा आहे. निचऱ्याचा पाईप मनगटाएवढा जाड, वळ्यावळ्यांचा आणि भोके पाडलेला असतो. शेतीच्या पानावर अशी चूक व्हायला नको होती. पुढच्या भागात फोटो छापणार असाल तर ओढ्यातल्या त्या तोंडाचा छापा. तिकडे यायचा रस्ता आणि दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक