पुण्यस्मरणाच्या चार ओळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रद्धांजली आणि पुण्यस्मरणाच्या जाहिरातींखाली छापल्या जाणाऱ्या यमकजुळव्या ओळी बंद कराव्यात आणि पद्य छापायचेच असेल तर नामवंत कवींचे छापावे, अशी सूचना करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात नुकतेच वाचले. त्यातील चीड मला समजते. किंबहुना त्या अपराधात माझा प्रत्यक्ष हात असल्यामुळे ती मला इतरांपेक्षा जास्त झोंबली. सांगलीत माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुके यांच्या जोडीने रक्षाविसर्जनाची पत्रके, उत्तरकार्याच्या पत्रिका आणि वृत्तपत्रांत द्यायच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातींचा मजकूर मी गेली पंचवीसेक वर्षे जुळवून देत आलो आहे.

त्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. तीत चाळीसेक चारोळ्या क्रमांक घालून उतरवलेल्या आहेत. वडिलांसाठी वेगळ्या, आईसाठी वेगळ्या आणि अपघातात गेलेल्या तरुणासाठी तीन. दुःखात असलेले माणूस पहिली ओळ वाचते, डोळे पुसते आणि ‘सात नंबर टाका’ म्हणते. या सगळ्या चारोळ्यांत काळ क्रूर असतो, नियती घाला घालते, आठवणींचा सुगंध दरवळतो आणि गेलेला माणूस दीपस्तंभ असतो, मग तो मार्केट यार्डातला हमाल असो की शाळेचा मुख्याध्यापक. एकदा एकाच पानावर शेजारशेजारच्या दोन चौकटींत माझ्या वहीतला अकरा नंबर छापून आला, वरचे फोटो तेवढे निराळे. दोन्हींपैकी एकाही घरातून तक्रार आली नाही, हे मला अधिक लागले.

तरीही पत्रलेखकांचा उपाय मला पटत नाही, कारण नामवंतांच्या ओळीही माझ्या वहीत आहेत आणि त्यांचीही तीच गत झाली आहे. आईसाठीच्या पानावर पहिला क्रमांक ‘स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी’ या ओळीचा. कवी यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर हे तर आपल्याच भागातले. सातारा जिल्ह्यातल्या चाफळला १८९९ मध्ये जन्मलेले आणि सांगलीत शिकलेले. ती ओळ इतकी मुखोद्गत झाली आहे की आता तिच्यावरून नजर नुसती घसरते. परंतु मूळ कविता उघडली की वेगळेच काही दिसते. तिथे चिमणी पिलांच्या मुखी हळूच चारा देते आहे, गोठ्यात गाई वासरांना चाटत आहेत, आणि शाळेतून परतणाऱ्या मुलाला ‘काढून ठेविलेला घालील घास ओठी’ अशी आई आता घरात नाही. तिन्ही जगाचा स्वामी आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही, पण काढून ठेवलेला घास प्रत्येकाने खाल्ला आहे. भिकारी या शब्दाला जे वजन आले आहे ते त्या घासामुळे, आणि जाहिरातीत आम्ही नेमका तोच गाळतो. जाता जाता एक गंमत सांगतो. ही कविता आणि माधव जूलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई’ या मातृवियोगाच्या दोन्ही प्रसिद्ध कविता एकाच वृत्तात आहेत आणि त्या वृत्ताचे नाव आहे आनंदकंद.

मराठी कवितेतला शोक अशा लहान, हाताला लागणाऱ्या गोष्टींना धरूनच उभा राहिलेला दिसतो. ज्ञानदेवांच्या समाधीचे नामदेवांचे अभंग पाहा. रूढ कालगणनेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा आणि नामदेवांचा १२७० चा, म्हणजे नामदेव पाच वर्षांनी वडील. तरी ‘बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ’ असे तेच म्हणतात. सूर्य मावळल्याची उपमा त्या अभंगांत आहेच, पण ती येण्याआधी नामदेवांची मुले समाधीची जागा झाडून घेतात आणि शेवटी निवृत्तिनाथ समाधीला शिळा लावतात. घरात कोणी गेले की पहिल्यांदा जागा झाडावी लागते, हे अशा घरातल्या माणसाला सांगावे लागत नाही. बहिणाबाई चौधरींनी वैधव्य सांगितले तेही कपाळावरच्या कुंकवापुरते: कुंकू पुसले गेले आणि त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडली. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या गेलेल्या बाळावरच्या कवितेत तर ‘निजला’ हा रोजचा शब्दच सगळे करतो, कारण तो उच्चारणाऱ्या आईला जे कळत नाही, किंवा कळून घ्यायचे नाही, ते वाचणाऱ्याला कळलेले असते.

तुकोबांचे मात्र सगळ्यांहून निराळे. ‘बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली’ आणि लगेच ‘पोर मेलें बरें जालें’. त्याच अभंगात बापही मरतो आणि आईही डोळ्यांदेखत मरते. चार मरणे, प्रत्येकाला जेमतेम एक चरण, आणि रडण्याचा शब्द कुठेच नाही. हा अभंग वैराग्याचा म्हणून कीर्तनात सांगितला जातो आणि त्याला माझी हरकत नाही, पण दुष्काळात बायको अन्नाविना गेलेल्या माणसाने ‘बरें जालें’ म्हणावे यातला आवंढा मला तरी दरवेळी ऐकू येतो. पुण्यस्मरणाच्या चौकटीत असे काही छापायची कोणाची छाती होणार नाही, आणि होऊही नये. ते ज्याचे त्यालाच म्हणता येते.

याच कारणामुळे ग. दि. माडगूळकरांच्या ‘दोन ओंडक्यांची होते सागरात भेट’ या ओळी, ज्या माझ्या वहीत चौदाव्या क्रमांकावर आहेत, मला जाहिरातीत थोड्या खटकतात. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेल्या या कवीचा मला अभिमान आहे. समुद्रात दोन ओंडके क्षणभर भेटतात आणि लाट त्यांना तोडते, ही उपमा मुळात वाल्मीकींच्या अयोध्याकांडातली. गीतरामायणात ती राम भरताला ऐकवतो. दशरथ दोघांचाही बाप होता. ज्याचा स्वतःचा बाप गेला आहे त्याने भावाला केलेले सांत्वन म्हणून ती ओळ खरी वाटते. तीच संस्थेच्या संचालक मंडळाच्या नावाने छापली की उपदेश होते. कालिदासाने हे फार पूर्वी ओळखले होते. रघुवंशाच्या आठव्या सर्गात राणी इंदुमती गेल्यावर तिचा पती अज राजा विलाप करतो, तेव्हा वसिष्ठ शिष्याकरवी शहाणपणाचा निरोप धाडतात. अज तो आदराने ऐकून घेतो, पण त्याचे दुःख तसूभरही कमी होत नाही.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण हे पत्र मी तिच्यासाठीच लिहायला घेतले. गेल्या पौषात तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार पत्नीच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा मजकूर द्यायला मुलासह आले होते. फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला होता. मुलगा वही चाळत होता. वडिलांनी ती हातातही घेतली नाही. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “औंदा विरळणी झाली. तुझी कात्री खुंटीलाच हाय. एवढंच लिवा.” द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढायची ती लहान टोकदार कात्री असते आणि ते काम बहुधा बायकाच करतात. मुलगा ओशाळला. “दादा, असलं पेपरात देत नसत्यात,” असे म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. सात नंबर छापला गेला.

माझ्या वहीतल्या चाळीस चारोळ्यांपेक्षा ते दोन वाक्यांचे बोलणे तुकोबा-नामदेवांच्या अधिक जवळचे होते, आणि ते मला त्याच क्षणी कळलेही होते. पण कळून घ्यायला सवड नव्हती; अंकाची वेळ संध्याकाळी सहाची होती.

म्हणून माझी सूचना पत्रलेखकांच्या सूचनेहून वेगळी आहे. पद्य बंद करू नका. तयार चारोळी घेतली तर चौकटीची सुमारे दोन सेंटिमीटर उंची तिच्यात जाते. तेवढ्या जागेत घरच्यांनी स्वतःच्या बोलीत एखादे वाक्य दिले तर ते जसेच्या तसे, व्याकरण न सुधारता, स्वीकारले जाईल असे आपल्या जाहिरात विभागाने जाहीर करावे. बोलीतला मजकूर ‘दुरुस्त’ करण्याची खोड आम्हा छापखानेवाल्यांना आहे, ती मी माझ्यापुरती सोडतो आहे.

त्या बाईंचे दुसरे पुण्यस्मरण येत्या पौषात आहे. कात्रीचे ते वाक्य मी त्या दिवशी बिलाच्या पाठीमागे लिहून घेतले होते. तो कागद वहीच्या पुठ्ठ्यात आहे. या वेळी मुलाला आधी तोच दाखवीन.

आपला,
एक मुद्रक, सांगली