तणनाशकांची चाचणी प्रयोगशाळेत व्हावी, तशी तळ्याच्या पाण्यातही व्हावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात किंवा पंचगंगेत केंदाळ (जलपर्णी) माजले की त्यावर तणनाशक फवारावे, अशी सूचना कोणीतरी करतेच आणि चर्चा मासे मरतील की नाही एवढ्यावरच थांबते. पाण्यातील शैवालाचा विचार तीत येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. तणनाशक हे वनस्पती मारण्यासाठीच बनवलेले असल्याने पाण्यात त्याचा पहिला घाव सूक्ष्म शैवालांवर बसतो, आणि पाण्यातील प्राणवायूचा मोठा वाटा व लहान जलचरांचे मुख्य अन्न तीच शैवाले पुरवतात.

पाण्यात थेट फवारणी न करताही हा प्रश्न उरतोच. उसाच्या लागणीनंतर तण उगवण्यापूर्वी फवारले जाणारे ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांचे वहन अडवून तण मारते, आणि नेमकी हीच यंत्रणा शैवालांच्या पेशीतही असते. उसाची आडसाली लागण ऐन पावसाळ्यातली. फवारणीपाठोपाठ मोठा पाऊस झाला तर औषधाचा काही अंश ओढ्याला लागतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, पण ती माणसाचे आरोग्य डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे.

शैवालांवरील परिणाम मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. पोषक द्रावण भरलेल्या चंबूंमध्ये एकाच जातीचे शैवाल सोडून, वेगवेगळ्या मात्रांत तणनाशक मिसळून, सतत प्रकाशात ७२ तास त्याची वाढ मोजतात व वाढीचा वेग निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. औषध न घातलेल्या चंबूत शैवाल किमान सोळापट वाढले नाही, तर चाचणीच ग्राह्य धरत नाहीत. ही शिस्त मोलाची आहे, कारण तिच्यामुळे एका औषधाची दुसऱ्याशी तुलना करता येते. परंतु चंबूत गाळ नसतो, ऊन नसते, शैवाल खाणारे जीव नसतात आणि एका जातीची जागा घ्यायला दुसरी जातही नसते.

तळ्यात काय घडते, हे अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या प्रायोगिक तळ्यांवरील १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. लिटरला २० आणि ५०० मायक्रोग्रॅम ॲट्राझिन घातलेल्या तळ्यांत शैवालांची वाढ काही दिवसांतच घटली. नंतर ती सावरली, पण सावरताना औषधाला दाद न देणाऱ्या जाती पुढे आल्या. पाणी पुन्हा हिरवे झाले म्हणून निश्चिंत होणाऱ्याची येथे फसगत होते, कारण जलचरांच्या दृष्टीने कोणते शैवाल टिकले याला फार महत्त्व असते.

म्हणून शिवाजी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. औषध रंकाळ्यात किंवा कळंबा तलावात मुळीच घालू नये. तेथील पाणी व गाळ आणून भरलेल्या स्वतंत्र टाक्यांत चाचणी करावी. प्रत्येक मात्रेसाठी अनेक टाक्या असाव्यात आणि तितक्याच टाक्या औषधाविना ठेवाव्यात. शुद्ध रसायनाबरोबर दुकानात मिळणारी बाटलीही तपासावी. ग्लायफोसेटच्या काही औषधांत मिसळलेले चिकटद्रव्य शैवालांना मूळ रसायनापेक्षाही अधिक घातक ठरते. जातवार मोजणी आणि पहाटेच्या प्राणवायूची नोंद आडसाली लागणीपासून वर्षभर व्हावी. हे निष्कर्ष हाती येईपर्यंत महापालिकेने व ग्रामपंचायतींनी केंदाळ यंत्राने किंवा हाताने काढावे आणि सार्वजनिक तलावांत तणनाशकाला परवानगी देऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर