बीच वृक्षाच्या जागी नवं झाड

प्रिय आई, बाबा,

बाबा, आपलं बीचचं झाड पाडल्याबद्दल आलेलं काउन्सिलचं पत्र आता फाइलला लावून टाका. त्यात दंडाचं काही नाही, मी ओळन्‌ओळ वाचलंय. झाड धोकादायक झालं होतं, पाच दिवस आधी कळवलं होतं, मुळाशी आलेल्या त्या पंख्यासारख्या बुरशीचे फोटोही दिले होते. तुमच्याकडे कुणी बोट दाखवत नाहीये.

पण काउन्सिलच्या आदेशाने संरक्षित असलेलं झाड असं पाडलं तरी त्याच जागी, साजेशा आकाराचं आणि जातीचं दुसरं लावावं लागतं. ब्रिटनच्या 1990 च्या नगर नियोजन कायद्यातच तसं आहे. घर विकलं तर ही जबाबदारी नव्या मालकाकडे जाते, म्हणजे गिऱ्हाईक आधी तेच विचारणार. नाही लावलं तर चार वर्षांत नोटीस येऊ शकते. दादाचं ‘बघू नंतर’ इथे चालणार नाही.

म्हणून मी परस्पर ठरवून टाकलं. तुम्हाला तिथे शेड हवी होती, माहीत आहे. सूट मागता आली असती, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि शेड हे काही कारण नव्हे! पुन्हा बीच नको म्हटलं. हॉर्नबीम नावाचं झाड घेतलंय, पानं जवळपास तशीच. काउन्सिलच्या ट्री ऑफिसरनी जात आणि जुन्या खुंटापासून जरा सरकवलेली जागा, दोन्ही लेखी मान्य केलंय.

आई, तुझ्या ओट्यावर आता ऊन येतं ना, ते अजून बरीच वर्षं येईल. बाकापाशी मोठी छत्री लावून देते. लहानपणी बीचच्या काटेरी टरफलांतून मी तुला लुटुपुटूचा चहा द्यायचे, आठवतं? तू फुंकर मारून प्यायचीस.

आता ऐका. बाबा, कुदळीला हात लावायचा नाही, खड्डा खणायला माणसं येतील. उन्हाळ्यात पाणी पाइपने, बादली उचलायची नाही. गवत कापायचं मशीन बुंध्याजवळ नेऊ नका, साल सोलली की झाड गेलंच. आणि फांदी आडवी आली म्हणून कात्री चालवू नका. जुना संरक्षण आदेश या झाडालाही लागू आहे. छाटायचं तर अर्ज करायचा. अर्जाला फी नाही, तेव्हा ती सबब नको.

‘आम्ही कुठे बघणार ते वाढलेलं’ असं आई फोनवर म्हणाली. म्हणूनच काडीएवढं रोप नाही, माझ्या डोक्यावरून जाईल एवढं मागवलंय.

शनिवारी झाड येतंय, गाडी फाटकासमोर लावू नका. जेवण मी आणते.

तुमची,
छकुली