पिवळा उजेड मर्क्युरीचा नव्हे

रंकाळा तलाव परिसरातील पथदिव्यांवरील आपल्या लेखात ‘जुन्या मर्क्युरी दिव्यांचा उबदार पिवळा प्रकाश’ परत आणण्याची सूचना वाचली. हेतू मान्य, पण तो पिवळा प्रकाश सोडियम दिव्यांचा, सुमारे २००० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा). साध्या काचेच्या मर्क्युरी दिव्याचा उजेड निळसर-हिरवट असतो. त्यात लाल रंग जवळजवळ नसतोच, म्हणून त्याखाली चेहरे निस्तेज आणि कुंकू काळपट दिसते. आतून फॉस्फरचा, म्हणजे रंग सुधारणाऱ्या चमकत्या भुकटीचा, लेप दिलेला मर्क्युरी दिवाही साधारण ४००० केल्व्हिनचाच. शिवाय त्यात पारा; तो तळ्याकाठी नकोच. महापालिकेने एलईडी दिवे घेताना नुसते वॅट न पाहता निविदेत ‘२७०० ते ३००० केल्व्हिन’ असे स्पष्ट लिहावे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या वृद्धांना पांढरा झगझगाट फार खुपतो.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर