वर्ल्डकपचं टाइमटेबल छापा, पण आपल्या रात्रीच्या हिशोबानं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

11 जूनपासून फुटबॉलचा वर्ल्डकप आहे आणि तुमच्या खेळाच्या पानावर अजून सगळं आयपीएलच चाललंय. त्याबद्दल काही म्हणणं नाही, आयपीएल मीपण बघते. पण वर्ल्डकप सुरू व्हायच्या आत दोन-तीन गोष्टी कानावर घालाव्या म्हणून हे पत्र. माझं बीडमध्ये मेडिकल आहे, पेपर सकाळी दुकानातच येतो आणि गिऱ्हाईक यायच्या आत मी तो मागच्या पानापासून वाचते.

पहिली गोष्ट तारखेची, आणि खरं सांगायचं तर ह्याच्यासाठीच लिहायला बसले. यंदा मॅचेस अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहेत, म्हणजे आपल्याकडं सगळा कारभार रात्रीचा नाहीतर सकाळचा. उद्घाटनाची मेक्सिको-दक्षिण आफ्रिका मॅच तिकडं 11 जूनला दुपारी आहे, आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील, म्हणजे घड्याळाच्या हिशोबानं 12 जून. आता तुम्ही नुसतं "12 जून, रात्री 12.30" छापलं तर अर्धी माणसं शुक्रवारी जेवून टीव्हीपुढं बसणार आणि मॅच तर गुरुवारी रात्रीच होऊन गेलेली! तुमच्या कॅलेंडरात तारीख बाराला बदलत असेल, पण आपल्याकडं माणसाचा दिवस उजाडल्यावरच बदलतो, पंचांगात तिथीसुद्धा सूर्योदयाचीच धरतात. 2022 ला अर्जेंटिना-मेक्सिको मॅचच्या वेळी हेच झालं होतं, पेपरात 27 नोव्हेंबर रात्री साडेबारा असं आलं (कोणत्या पेपरात ते जाऊ द्या), माझा भाचा आणि त्याचे हॉस्टेलचे मित्र शनिवारी निवांत झोपले, म्हणले उद्या जागायचंय, आणि रविवारी सकाळी उठून बघतात तर सगळ्यांच्या स्टेटसला मेस्सीचा गोल. पोरगं दोन दिवस नीट बोललं नाही कुणाशी. म्हणून म्हणते "गुरुवारी रात्री, जेवणानंतर" असं लिहा, गावठी वाटलं तरी चालेल.

ब्राझील-मोरोक्को शनिवारी रात्री, म्हणजे रविवारच्या पहाटे साडेतीनला. अर्जेंटिना-अल्जेरिया तर बुधवारी 17 जूनला सकाळी साडेसहाला, दूध तापवता तापवता बघायची. फायनल 19 जुलैची म्हणतात पण आपल्याकडं रविवारची रात्र साडेबारा, सोमवारी सकाळी ऑफिस, शाळा सगळं आहेच. त्यात जून म्हणजे वारं सुटलं की लाईट जाणार, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, पहिल्या सरीबरोबर गेलेली लाईट कधी कधी हाफटाइमपर्यंतच काय, पेनल्टीपर्यंत येत नाही. त्यामुळं मोबाइल चार्ज ठेवणं हा आमच्याकडं तयारीचा भाग आहे. आणि यंदा गंमत म्हणजे 15 जूनपर्यंत धोंड्याचा महिना, म्हणजे जावई लोक सासरवाडीला धोंडे खायला आलेले असणार आणि रात्री दीड वाजता सासऱ्याच्या घरातला टीव्ही मागायचा कसा हा प्रश्न आमच्या घरातल्या एका जावयाला आत्तापासूनच पडलाय.

दुसरी गोष्ट. आमच्याकडं जी आवृत्ती येते ती लवकर छापून गाडीत पडते हे आम्हाला माहितीय, त्यामुळं रात्रीच्या मॅचचा निकाल तुम्ही सकाळी देऊ शकत नाही, हे मान्य. मागच्या वेळी फायनलचं पण तसंच झालं, अर्जेंटिना-फ्रान्स 3-3, मग पेनल्टीवर 4-2, हे आम्ही रात्री बघून झोपलो आणि सविस्तर बातमी आमच्या पानावर मंगळवारी आली. पण मग शिळा स्कोअर कशाला छापायचा एवढ्या मोठ्या अक्षरात? स्कोअर मोबाइलवर सगळ्यांना कळतो. त्या जागेत मोबाइलवर धड न मिळणारं काहीतरी द्या. यंदा 32 च्या जागी 48 टीम आहेत, मॅचेस 64 वरून 104 झाल्यात, बारा ग्रुप, प्रत्येकात चार. पहिल्या दोन टीम पुढं जाणार हे सोपंय, पण बारा तिसऱ्या नंबरवाल्यांतल्या आठ पण जाणार आणि तिथं खरी मजा आहे. म्हणजे एका ग्रुपमधली टीम दुसऱ्याच ग्रुपमधल्या मॅचकडं डोळे लावून बसणार, आपल्या ग्रामपंचायतीच्या निकालासारखं. तर ह्या तिसऱ्या नंबरवाल्यांचा एक वेगळा तक्ता रोज छापा, छोटा का असेना. तेवढ्यासाठी मी पेपर आधी उघडीन.

आणि मेस्सी-रोनाल्डोचे अर्ध्या पानाचे फोटो थोडे कमी करा, राग नका मानू. मी स्वतः मेस्सीवालीच आहे, 2022 ला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 नं हरवलं ती मॅच दुपारी साडेतीनची होती, दुकानात मोबाइल काउंटरला टेकवून बघितली आणि नंतर आलेल्या गिऱ्हाइकांशी मी जरा तुसडेपणानंच बोलले असणार. पण त्या वर्ल्डकपमध्ये खरं मन जिंकलं ते मोरोक्कोनं, बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल सगळ्यांना घरी पाठवून सेमीफायनलला गेले, आफ्रिकेतली पहिली टीम. जपाननं जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. ह्यांच्यावर तेव्हा किती ओळी आल्या होत्या, बघा जरा जुने अंक काढून.

यंदा तर क्युरासाओ आहे! व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं बेट, नेदरलँड्सच्या राज्यातलं, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आमचं बीड शहर 2011 च्या जनगणनेत जवळपास तेवढंच होतं. आणि आकार म्हणाल तर बीड जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर जातो, हे बेट साडेचारशेच्या आत. एवढ्या कमी लोकसंख्येचा देश आजवर कधी वर्ल्डकपला आलेला नाही, आधी हा मान आइसलँडचा होता, 2018 चा, आणि तो तर ह्याच्या दुप्पट. नोव्हेंबरमध्ये जमैकात जाऊन 0-0 खेळले आणि तेवढ्यावर आत आले. खेळाडू बरेचसे नेदरलँड्समध्ये जन्मलेले, आजी-आजोबांच्या, आई-बापाच्या नात्यानं बेटाकडून खेळतात, त्यामुळं कोणी म्हणेल ही काय खरी टीम, पण पुण्या-मुंबईत वाढलेली आमची पोरं गावच्या जत्रेत कुस्तीला उतरली तर आम्ही त्यांना परकं म्हणतो का? त्यांची पहिलीच मॅच जर्मनीशी आहे, रविवारी 14 जूनला रात्री साडेदहाला, ह्यूस्टनमध्ये. जागरणाची गरज नाही, सगळ्या घरानं बसून बघण्यासारखी वेळ. केप व्हर्दे, जॉर्डन, उझबेकिस्तान पण पहिल्यांदाच येतायत. ह्यांच्यावर रोज एक चौकट तरी द्या.

लोक मला विचारतात, "आपली टीम नाही तर तुम्ही काहून एवढं जागायलाव?" ह्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि द्यायची गरजही वाटत नाही. फक्त एक विनंती, दर वर्ल्डकपला छापून येते ती "भारताला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून 1950 चा वर्ल्डकप हुकला" ही गोष्ट यंदा नका छापू. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले हे खरं, फ्रान्सकडून 2-1 नं हरले हेही खरं. पण 1950 ला समोरच्या टीम माघारी गेल्या म्हणून आपल्याला जागा मिळाली होती आणि आपल्याच फेडरेशननं टीम पाठवली नाही, त्या काळात ऑलिंपिकपुढं वर्ल्डकपला कोणी फार मोजत नव्हतं. बुटांचं निमित्त नंतर चिकटलं. छापायचंच असेल तर 1956 चं मेलबर्न छापा, आपण ऑलिंपिकमध्ये चौथे आलो होतो आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले होते, 4-2 नं जिंकलो होतो. माझ्या दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांपैकी एकालाही हे नाव माहिती नव्हतं.

कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींच्या टीम आहेत, तिकडच्या पानांवर फुटबॉल बारा महिने असतो, आमच्याकडं पोरं क्रिकेटवाल्यांनी सोडलेल्या कोपऱ्यात खेळतात त्याची बातमी होत नाही, तो विषय वेगळा आहे, पुन्हा कधीतरी लिहीन.

टाइमटेबल मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या, अख्खं, एकाच पानावर, मागं जाहिरात नसेल अशा बेतानं, कारण ते कापून दुकानाच्या काचेला आतून चिकटवायचंय आणि मागच्या बाजूचं छापलेलं उन्हात पुढून दिसतं. झेरॉक्स मागणाऱ्यांची यादी माझ्याकडं आत्ताच तयार आहे.

आपली,
एक वाचक, बीड